आउटपुट आलं म्हणजे प्रोग्राम बरोबर?

आपल्या जर्नलची रचना सगळ्यांना तोंडपाठ आहे. एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्राम, आउटपुट आणि शेवटी कन्क्लूजन. कन्क्लूजनमध्ये सगळ्यांचं एकच वाक्य असतं की अशा प्रकारे आपण स्ट्रिंग फंक्शन्सचा अभ्यास केला. मागच्या बॅचने तेच लिहिलं, पुढचीही तेच लिहील. परंपरा आहे, चालू द्या. माझी तक्रार त्याच्या वरच्या ओळीबद्दल आहे. आउटपुट! स्क्रीनवर जे दिसलं ते आपण पेन्सिलीने चौकट आखून उतरवतो, सर सही करतात आणि सगळे धरून चालतात की हे आउटपुट त्या फंक्शनचंच आहे, आज आलं तसंच उद्याही येणार.

पण सी भाषेत काही गोष्टी अशा आहेत की त्या केल्यावर काय होईल याबद्दल भाषेच्या स्टँडर्डने चक्क हात वर केलेत. त्याला अनडिफाइन्ड बिहेविअर म्हणतात. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे याचा 'अपरिभाषित वर्तन' हा मराठी अर्थ मला मूळ शब्दापेक्षा अवघड वाटला. आपण साधं 'बिनहमीचं वागणं' म्हणू. कापड दुकानदार सांगतो ना, रंगाची गॅरंटी नाही, तसंच काहीसं. फरक एवढाच की रंग गेला तरी शर्ट शर्टच राहतो. इथे तेवढीही खात्री नाही.

उदाहरण मेसचंच घेऊ. (फंक्शनची नावं आपण लॅबमध्ये बोलतो तशीच लिहिली आहेत.) समजा मेसच्या खात्याचा प्रोग्राम लिहायचाय. स्ट्रक्चरमध्ये आधी २० बाइटचं नाव, मग इंट बाकी, मग इंट रूम नंबर. बाकीत शून्य भरायचा, रूम नंबर भरायचा आणि मग स्ट्रकॉपीने नाव टाकायचं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ज्ञानेश्वर हे नाव ११ अक्षरांचं होतं, बॅकस्लॅश झिरो धरून १२ बाइट. आरामात बसतं.

आता कोणीतरी म्हणालं, मेस आपली, पोरं आपली, नावं मराठीत दिसू देत की! चांगलीच कल्पना आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा, प्रत्येकाचे तीन-तीन. टेस्टिंगला नाव घेतलं रामदास, कारण समर्थांचं जांब आपल्याच जिल्ह्यात. र, काना, म, द, काना, स ही सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट, झिरो धरून १९. बसलं! एक बाइट शिल्लकसुद्धा राहिला. आउटपुट बरोबर, सही झाली, प्रोग्राम सबमिट.

मग खात्यात ज्ञानेश्वर येतो. दहा चिन्हं, ३० बाइट, झिरो धरून ३१. वीसच्या डब्यात एकतीस ओतले की अकरा बाहेर सांडणारच. चार बाकीवर, चार रूम नंबरवर आणि उरलेले तीन पुढच्या मुलाच्या रेकॉर्डमध्ये. बाकीवर काय पडतं ते मी कागदावर काढून बघितलं. 'श' चा शेवटचा बाइट आणि त्याच्या पुढच्या हलन्ताचे तीन बाइट. इंटेलच्या मशीनवर चार बाइटचा इंट म्हणून वाचले तर उणे १९१ कोटी ८५ लाख ८ हजार ८७४. मेसचा काँट्रॅक्टर चक्कर येऊन पडेल!

गंमत म्हणजे हा आकडा दिसेलच असंही नाही. कंपायलरला ऑप्टिमायझेशन लावलं तर तो म्हणू शकतो की बाकीत मी आत्ताच शून्य टाकला, नावात लिहिल्याने बाकी बदलायचं कारण नाही, म्हणून सरळ शून्य छापतो. उबुंटूसारख्या सिस्टिमवर तोच प्रोग्राम 'बफर ओव्हरफ्लो' असं सांगून जागीच बंद पडू शकतो. म्हणजे ओळ एकच आणि निकाल तीन. स्टँडर्डच्या दृष्टीने यातला एकही चूक नाही, कारण त्याने कुठलंच वचन दिलेलं नव्हतं. मग जर्नलमध्ये यातलं कुठलं आउटपुट लिहायचं?

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी, कारण आपण सगळ्याच चुका एका पोत्यात भरतो. 'जालना' या शब्दाची स्ट्रलेन १५ येते. आपल्याला पाच हवी असते, पण १५ हे उत्तर पूर्ण हमीचं आहे. फंक्शन बाइट मोजतं, अक्षरं मोजत नाही, आणि तसं लिहूनही ठेवलंय. पॅलिन्ड्रोमचा नेहमीचा प्रोग्राम 'नवजीवन' ला पॅलिन्ड्रोम नाही म्हणतो, कारण उलटताना तो प्रत्येक अक्षराचे बाइटसुद्धा उलटे करतो. तेही चुकीचं पण हमीचं. दहा वेळा चालवा, दहा मशीनवर चालवा, तीच चूक मिळेल. अशी चूक सापडते. बिनहमीची चूक मात्र सर समोर असताना गप्प बसते.

आता हे कुठे लिहिलेलं असतं? खरी गोम इथेच आहे. सीचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड १९८९ चं, पुढे १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यात बिनहमीचं वागणं तीन प्रकारे सांगितलं जातं. एक, स्पष्ट शब्दांत. दोन, 'असं असलंच पाहिजे' अशी अट घालून, म्हणजे अट मोडली की तुमचं तुम्ही बघा. आणि तीन, काहीच न बोलून! ज्याबद्दल स्टँडर्ड गप्प आहे तेही तितकंच बिनहमीचं, तिन्हींत लहान-मोठं काही नाही. शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात अशा सुमारे २०० गोष्टींची यादी दिली आहे. पण जे मुळात बोललंच गेलं नाही ते यादीत पूर्णपणे येणार कसं? त्यामुळे मला वाटतं की फंक्शन काय करतं एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या अटीत करतं आणि कुठे त्याची जबाबदारी संपते हेही लिहायला हवं, आणि तेही वापरणाऱ्याच्या नजरेसमोर.

जालन्याच्या मुलांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपलं गाव बियाण्यांचं. हायब्रिड बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किती, शुद्धता किती, कोणत्या तारखेपर्यंत पेरायचं हे छापलेलं असतं. लेबलाचा नियम १९६६ च्या बियाणे कायद्यातच आहे. त्याच हायब्रिडच्या पिकातलं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर? उगवेल. कदाचित पहिल्या पावसानंतर शेजाऱ्यापेक्षा हिरवंगार दिसेल. पण दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात, एक झाड उंच तर एक खुजं. शेत हिरवं दिसलं म्हणून हमी तयार होत नाही. आपण आउटपुटची चौकट आखतो तेव्हा नेमकं हेच करतो, हिरवं शेत बघून उताऱ्याचा दाखला देतो.

कोणी म्हणेल, स्टँडर्ड लिहिणारे एवढे हुशार, मग त्यांनी या फटी बुजवल्या का नाहीत? तर त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत, आणि त्यांची बाजूही मला पटते. सी जन्मली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, बेल लॅब्समध्ये, डेनिस रिची यांच्या हातून, पीडीपी-११ सारख्या आजच्या मानाने चिमुकल्या मशीनवर. स्ट्रकॉपीला फक्त दोन पत्ते मिळतात. समोरचा डबा केवढा आहे हे तिला कोणी सांगतच नाही. तपासायचं तर प्रत्येक पॉइंटरसोबत त्याची लांबीही फिरवावी लागेल, आणि त्याची किंमत नीट प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही मोजावी लागेल. म्हणून तपासणीची जबाबदारी प्रोग्रामरवर टाकली. हा सौदा मला मान्य आहे. पण सौद्याच्या अटी एका पक्षाला माहीतच नसतील तर त्याला सौदा कसं म्हणायचं?

गेट्सचं उदाहरण बघा. किती अक्षरं घ्यायची हे त्याला सांगायची सोयच नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक ही होती. फिंगर नावाच्या सेवेत गेट्सने ५१२ बाइटच्या जागेत वाचायची सोय होती, वर्मने ५३६ बाइट पाठवले. पुढच्याच वर्षी स्टँडर्ड आलं आणि त्यात गेट्स होतंच! जुने प्रोग्राम चालले पाहिजेत ना. ते बाहेर पडायला २०११ उजाडलं. लिनक्सच्या मॅन्युअल पानावर तर हे फंक्शन कधीही वापरू नका असंच सांगितलंय. आणि आजही परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये कोणत्याही रूममध्ये जा, गेट्स आणि त्याच्या आधी एफफ्लश एसटीडीइन ही जोडी कुठल्या ना कुठल्या वहीत सापडेल. एफफ्लशची हमी आउटपुटच्या स्ट्रीमसाठी आहे. कीबोर्डसाठी स्टँडर्डने ती कधीच दिलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या काही कंपायलरवर चाललं, म्हणून ते मंत्रासारखं तोंडी पसरलं.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगते. मेमकॉपीचं पान अगदी स्वच्छ आहे, दोन जागा एकमेकांत घुसलेल्या असतील तर हे वापरू नका, मेममूव्ह वापरा. तरीही २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खराब येऊ लागला. कारण काय, तर लिनक्सच्या सी लायब्ररीत मेमकॉपी जास्त वेगवान केली होती आणि काही प्रोसेसरवर ती शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करू लागली होती. फ्लॅश घुसलेल्या जागांवर मेमकॉपी वापरत होतं. इतकी वर्षं नशिबाने चाललं. वाद रंगला. एका बाजूचं म्हणणं, अट लिहिलेली होती, मोडणाऱ्याची चूक. दुसऱ्या बाजूला खुद्द लिनस टोरवाल्ड्स, त्यांचं म्हणणं साधारण असं की वापरणाऱ्याला स्टँडर्डशी देणंघेणं नाही, त्याचं कालपर्यंत चालणारं आज बंद पडलं. शेवटी लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत तोड निघाली. जुन्या प्रोग्रामना गुपचूप मेममूव्हसारखं वागणारं रूप मिळालं, नव्यांना नवं.

म्हणजे नुसतं लिहिलेलं असूनही पुरत नाही, हे मला मान्य. पण यातून मी काढते तो निष्कर्ष उलटा आहे. अट पुस्तकाच्या शेवटच्या परिशिष्टात असून उपयोग नाही, ती जिथे फंक्शन शिकतो तिथेच हवी. पहिल्यांदा मेमकॉपी लिहिणाऱ्या मुलाने त्याच पानावर 'घुसलेल्या जागा चालत नाहीत' हे स्वतःच्या हाताने लिहिलं असेल तर ते त्याच्या डोक्यात राहील.

कंपायलरही दिवसेंदिवस जास्त चलाख होत चाललेत. २०१४ मध्ये जीसीसी ४.९ आला, तेव्हा त्याच्याच माहितीपत्रकात इशारा होता. तुम्ही मेममूव्हला एखादा पॉइंटर दिलात की तो नल नाही असं कंपायलर धरून चालणार, आणि पुढे तुम्ही 'नल आहे का' असं तपासत असाल तर ती तपासणीच उडवून टाकणार. कॉपी करायचे बाइट शून्य असले तरीही! शून्य बाइट कॉपी करायला पत्ता कशाला हवा, असं साध्या माणसाला वाटेल. समितीलाही अखेर वाटलं, आणि २०२४ मध्ये पुढच्या आवृत्तीसाठी ही अट सैल करायचं ठरलं. म्हणजे या अटी काही ब्रह्मलिखित नाहीत. त्या लिहून काढल्या की त्यातल्या विचित्र अटी दिसतात, आणि दिसल्या की बदलताही येतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे, तो माझ्या पाहण्यातल्या एकाही नोट्समध्ये नाही. इजअल्फा, इजडिजिट, टूअपर ही फंक्शन इंट घेतात आणि तो अनसाइन्ड चारमध्ये मावणारा किंवा ईओएफ असावा अशी अट आहे. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला ही अट जन्मात कधी आडवी येणार नाही. पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट असतो २२४, आणि आपल्या लॅपटॉपवर चार हा बहुतेक साइन्ड असतो. तिथे २२४ चे उणे ३२ होतात. उणे ३२ दिले की अट मोडली, आणि पुढचं सगळं बिनहमीचं. लिनक्सच्या लायब्ररीने दयाळूपणे तक्ता उण्यापर्यंत वाढवून ठेवलाय, म्हणून तिथे काही कळत नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या डिबग बिल्डमध्ये प्रोग्राम थांबून खिडकी उघडतो. आणि रास्पबेरी पायच्या लिनक्समध्ये चार मुळातच अनसाइन्ड, तिथे प्रश्नच येत नाही. उपाय एका कास्टचा आहे, अनसाइन्ड चार करून द्या, संपलं. पण हे कुणी सांगायचं? परदेशातल्या पुस्तकांना आपल्या 'क' शी काय घेणं! आपल्या हॉस्टेलमध्ये नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' खोलीखोलीत आहे, मराठी मुलूख सी शिकवण्यात मागे नाही. मग मराठी अक्षरांच्या या अटी मराठी मुलांनीच लिहायच्या नाहीत तर कोणी?

याला इतिहासही आहे. युनिकोड रुळण्याआधी भारतीय लिप्यांसाठी १९९१ चं इस्की हे भारतीय मानक होतं, पुण्याच्या सीडॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानात ते वापरलं जाई. इस्कीत प्रत्येक चिन्ह एका बाइटचं. त्यामुळे ज्ञानेश्वर तिथे दहा बाइटांत बसायचा, वीसचा डबा अर्धा रिकामा! त्या काळातल्या २० चा अर्थ वीस चिन्हं असा घेतला तरी बिघडत नव्हतं. तोच प्रोग्राम युनिकोडवर आणला की २० चा अर्थ बदलतो, आणि वर कॉमेंट नसेल तर मूळ लिहिणाऱ्याच्या मनात चिन्हं होती की बाइट, हे कळायला मार्ग नाही.

स्ट्रएनकॉपी वापरा, असा सल्ला सीनियर्स देतात. वापरा, पण तिच्याही अटी वाचा. मजकूर दिलेल्या लांबीएवढा किंवा मोठा असेल तर ती शेवटी झिरो टाकतच नाही. मग प्रिंटएफ पुढे कुठवर वाचत जाईल देव जाणे. आणि वीस बाइटवर कापलं तर ज्ञानेश्वरची सहा चिन्हं पूर्ण आणि सातव्याचे दोनच बाइट, म्हणजे 'ज्ञाने' आणि पुढे अर्धामुर्धा श!

तर माझं म्हणणं असं. जर्नलमध्ये आउटपुटच्या आधी 'अटी' असं एक शीर्षक असावं. स्ट्रकॉपीखाली काय येईल? दोन्ही पत्ते खरे हवेत, मूळ मजकूर झिरोने संपलेला हवा, नव्या जागेत स्ट्रलेन अधिक एक बाइट तरी मावले पाहिजेत, दोन्ही जागा एकमेकांत घुसलेल्या नकोत आणि नवी जागा लिहिता येण्यासारखी हवी, म्हणजे कोटमधली स्ट्रिंग तिथे नको. पाच ओळी. लिहायला दोन मिनिटं लागतात, पण त्या लिहिताना मेसच्या प्रोग्राममधले वीस बाइट डोळ्यांत खुपले असते. आणि स्वतः लिहिलेल्या फंक्शनच्या वरही त्याच पद्धतीने कॉमेंट हवी. 'हे फंक्शन नाव कॉपी करते' ही कॉमेंट नव्हे, ते तर नावावरूनच कळतं.

यावर स्टाफचं उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. हे परीक्षेत विचारत नाहीत. खरं आहे, उलट परीक्षेत याच्या विरुद्ध विचारतात! एका प्रिंटएफमध्ये आय, आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय टाकून 'आउटपुट काय' असा प्रश्न कॅम्पसच्या चाचण्यांत हमखास असतो आणि चार पर्यायांत तीन-तीन आकडे असतात. खरं उत्तर 'सांगता येत नाही' हे आहे, ते पर्यायांतच नसतं. मुलं कंपायलरवर चालवून बघतात, जे येईल ते पाठ करतात. निदान आपल्या इंटर्नलला तरी 'अनडिफाइन्ड, कारण अमुक अट मोडली' असं कारणासकट लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क मिळावेत अशी सरांना आणि मॅडमना मनापासून विनंती.

दुसरा आक्षेप मित्रांचा. आता पायथन आहे, सी कोण वापरतं? अरे, तुमचा नेहमीचा पायथनच सीमध्ये लिहिलाय! असो, हा वाद मेसच्या टेबलावर बरेचदा झालाय, इथे नको. आणि स्टँडर्ड विकत घ्यावं लागतं ही सबबही चालणार नाही. २०११ च्या आवृत्तीचा एन १५७० नावाचा मसुदा फुकट मिळतो, मोबाइलवरही उघडतो.

सुरुवात म्हणून आमच्या विंगमधल्या चौघींनी एक दोनशे पानी वही केली आहे. एका पानावर एक फंक्शन, वर नाव, खाली मराठीत अटी, आणि प्रत्येक अटीपुढे ती मोडली तर आमच्या तीन मशीनवर काय-काय दिसलं ते, तारखेसह. म्हणजे आउटपुट एक नाही हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. स्ट्रलेन, स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, मेमकॉपी आणि इजअल्फा झाली आहेत. वही रीडिंग रूमच्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवली आहे, कुणीही लिहावं, फक्त पेनने लिहावं. स्ट्रटोकचं पान अजून कोरं आहे. ती मूळ स्ट्रिंगच कापते, म्हणून कोटमधली स्ट्रिंग देता येत नाही, इथपर्यंत एकमत आहे. पण पहिल्याच कॉलला नल दिला तर काय, यावर दोघी म्हणतात की ते स्टँडर्डमध्ये सापडलं आणि दोघी म्हणतात की ते त्यांना सापडत नाही. थर्ड इयरच्या कोणाला कलम क्रमांकासकट दाखवता येत असेल तर ते पान त्यांचं.